घरात दुसरी चार्जिंगची गाडी घेण्यापूर्वी : भार मोजा, पाळी लावा



उसाच्या बिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की घरोघरी खर्चाच्या याद्या निघतात. विहिरीचे काम, सोसायटीची बाकी, मुलांच्या फिया, घरची कार्ये. अलीकडे या यादीत विजेवर चालणाऱ्या गाडीची भर पडली आहे. बहुतेक घरांत पहिली गाडी स्कूटर असते. ती सहा महिने बरी चालली, पेट्रोलचे पैसे वाचू लागले, की थोरला म्हणतो, "मलाही कॉलेजला जायला अशीच एक घ्या." मग धाकटे काका म्हणतात, "मोटारच घेऊ या की चार्जिंगची." अशा रीतीने एका घरात दोन-तीन गाड्या येतात. या पाठात अशाच घराचा विचार करावयाचा आहे.

पहिली स्कूटर घरात सहज सामावते. तिच्या चार्जरचा भार एका इस्त्रीएवढाच असतो. तिसरी गाडी आली म्हणजे मात्र सर्वांचा मिळून भार घरातील बाकी सर्व उपकरणांच्या बरोबरीला येतो. तरीही यात घाबरण्याजोगे काही नाही. एका विहिरीवर तीन तुकडे भिजविणारा शेतकरी तिन्ही तुकड्यांची बारी एकदम फोडत नाही. तो पाळी लावतो, आणि त्याच पाण्यात तिन्ही तुकडे भिजतात. विजेचेही तसेच आहे. पाळी लावणाऱ्या घराला साधा जोड बहुधा पुरतो. न लावणाऱ्याच्या घरी फ्यूज उडतो, तारा तापतात, आणि प्रसंगी आग लागते.

१. युनिट आणि भार यांतील फरक

हे दोन शब्द आपण नेहमी एकत्र वापरतो, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. १ किलोवॉटचे उपकरण १ तास चालले की १ युनिट वीज खर्ची पडते. युनिट म्हणजे एकूण किती पाणी उपसले, आणि भार म्हणजे एका वेळी पाइपातून किती जोराने पाणी वाहते आहे. बिल मुख्यतः युनिटांवर येते. तारा तापतात त्या भारामुळे.

बॅटरीचे मापही युनिटांतच सांगतात. आपल्या घरोघरी पूर्वी असलेली चेतक स्कूटर जानेवारी २०२० मध्ये विजेवरची होऊन परत आली, तेव्हा तिची बॅटरी सुमारे ३ युनिटांची होती. त्याच महिन्यात आलेल्या नेक्सॉन मोटारीच्या विजेवरील नमुन्याची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेली टियागो १९.२ आणि २४ युनिट अशा दोन मापांत निघाली. म्हणजे ढोबळमानाने एका मोटारीच्या बॅटरीत सात-आठ स्कूटर मावतात.

स्कूटरचा घरगुती चार्जर साधारण पाऊण किलोवॉटचा असतो. मोटारीबरोबर मिळणारा, १५ अँपिअरच्या पॉवर प्लगवर चालणारा चार्जर सुमारे ३ किलोवॉट वीज ओढतो. भिंतीवर बसवावयाचा मोठा चार्जर ७.२ किलोवॉटचा असतो. तो एकटाच ३० अँपिअरच्या वर प्रवाह घेतो. साध्या घरगुती जोडावर त्याच्या मोहात पडू नये.

२. बॅटरी पाहू नका, रोजचे अंतर पाहा

"तीन गाड्यांच्या तीन बॅटऱ्या रोज भरायच्या म्हणजे केवढी वीज लागेल!" असे अनेकांना वाटते. येथे हिशेबाची वाट चुकते. विहीर पन्नास फूट खोल असली तरी रोज उपसा पिकाच्या गरजेएवढाच होतो. गाडीतही रोज जेवढे अंतर तोडले तेवढीच वीज परत भरावी लागते.

भिंतीच्या प्लगपाशी मोजले तर, चार्जिंगमधील तूट धरून, स्कूटरला १०० किलोमीटरला सुमारे साडेतीन युनिट आणि लहान मोटारीला सुमारे १५ युनिट लागतात. रस्ता, ओझे आणि चालविण्याची रीत यांप्रमाणे यात थोडा कमी-जास्त फरक पडेल. आता एक नमुन्याचे घर घेऊ.

वडिलांची स्कूटर, रोज २० किलोमीटर (शेत, डेअरी, सोसायटी) : ०.७ युनिट.
मुलाची स्कूटर, रोज ४० किलोमीटर (तालुक्याचे कॉलेज) : १.४ युनिट.
मोटार, सरासरी रोज ३० किलोमीटर : ४.५ युनिट.
एकूण रोज : ६.६ युनिट. महिन्याला : सुमारे २०० युनिट.

आता वेळ पाहू. वडिलांच्या स्कूटरला १ तास, मुलाच्या स्कूटरला २ तास, मोटारीला दीड तास. तिन्ही गाड्या एकामागून एक लावल्या तरी दिवसाच्या २४ तासांपैकी केवळ साडेचार तास पुरतात. हा आकडा ध्यानात ठेवावा. तिन्ही गाड्या एकाच वेळी लावण्याची गरज रोजच्या कामात पडतच नाही.

३. एकदम लावल्यास काय होते

याच घरी संध्याकाळी सात वाजता सगळे परतले आणि ज्याने त्याने आपापला प्लग खोचला असे समजा. दोन स्कूटरचे दीड आणि मोटारीचे ३ मिळून साडेचार किलोवॉट झाले. त्यातच कोणी गिझर लावला, २ किलोवॉट. टाकीत पाणी चढवायला एक अश्वशक्तीची मोटर सुरू केली, सुमारे १ किलोवॉट. दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही मिळून अर्धा. बेरीज ८ किलोवॉट, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ३५ अँपिअर. आपल्या वीजबिलावर "मंजूर भार" असा रकाना असतो. तो आजच काढून पाहा. खेड्यातील पुष्कळ घरांचा मंजूर भार याच्या निम्माही भरत नाही, आणि मीटरपासून घरात येणारी तारही त्याच बेताची असते.

शिवाय संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे व मोटरी चालू असतात, तेव्हा डीपीवरचा भार वाढून व्होल्टेज घसरते. वस्तीवर लाइनच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्यांना हे सांगायला नको. अशा वेळी चार्जर संथ होतो किंवा मध्येच थांबतो, आणि सकाळी बघावं तर गाडी निम्मीच भरलेली.

४. पाळीपत्रक

ऊस तोडणीचा कार्यक्रम असतो तसा गाड्यांचाही असावा. वर धरलेल्या घरासाठी असे पाळीपत्रक बसते :

मुलाची स्कूटर : रोज संध्याकाळी ७ ते ९.
मोटार : सोमवार, गुरुवार, शनिवार, रात्री साडेनऊनंतर. तीन दिवसांच्या ९० किलोमीटरसाठी साडेतेरा युनिट लागतात, म्हणजे साडेचार तास.
वडिलांची स्कूटर : मंगळवार, शुक्रवार, रविवार, रात्री ९ ते १२ किंवा दुपारी घरी असताना. तीन दिवसांच्या ६० किलोमीटरसाठी सुमारे २ युनिट, म्हणजे ३ तास.
पहाटे ५ ते ८ : गिझर आणि पाण्याची मोटर यांची वेळ. या काळात एकही गाडी लावू नये.

या पाळीत घराचा जास्तीत जास्त भार रात्री मोटार लागलेली असताना येतो. ३ किलोवॉट मोटारीचे व अर्धा घराचा, मिळून साडेतीन किलोवॉट, म्हणजे सुमारे १५ अँपिअर. पहिल्या ८ किलोवॉटच्या निम्म्याहूनही कमी. गाड्या त्याच, अंतर तेच, युनिटही तेवढेच. बदलली ती केवळ वेळ. मंजूर भार साडेतीन किलोवॉटहून कमी असेल तर मोटार घेण्यापूर्वीच महावितरणच्या उपविभाग कार्यालयात भारवाढीचा अर्ज करावा आणि मंजुरी मिळाल्यावर गाडी आणावी. गाडी दारात उभी करून मग अर्जासाठी पळापळ करू नये. २०२४ साली केंद्राच्या वीजग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीने वाहन चार्जिंगसाठी वेगळा जोड मागण्याचीही सोय केली आहे. पण वरील हिशेबाच्या घराला तिची गरज सहसा पडणार नाही.

पाळीपत्रक कागदावर लिहून प्लगशेजारी चिकटवावे. घरात चार माणसे असली की तोंडी ठरलेले टिकत नाही.

आणखी एक नियम पाळावा. रात्री-अपरात्री घरात किमान एक गाडी निम्मी तरी भरलेली असलीच पाहिजे. सर्पदंश, बाळंतपण, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कळ, असे प्रसंग वेळ सांगून येत नाहीत. वादळात लाइन दोन दिवस बंद राहिली तर सर्वच गाड्या विजेच्या असलेल्या घराची अडचण होते. म्हणून तिन्ही गाड्या एकाच दिवशी रिकाम्या होऊ देऊ नयेत. पावसाळ्याच्या तोंडी ही काळजी विशेष घ्यावी.

५. बिलाचा टप्पा

आपल्या राज्यात घरगुती विजेचे दर टप्प्यांनी चढतात. पहिली १०० युनिटे, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. समजा घराचा आजचा वापर महिन्याला १२० युनिट आहे. तीन गाड्यांचे २०० मिळविले की ३२० होतात. म्हणजे शेवटची २० युनिटे तिसऱ्या टप्प्यात जातील. वरचा दर फक्त त्या २० युनिटांना लागतो, सगळ्या ३२० ना नाही. तथापि घरात आधीच ३०० युनिट वापर असेल तर गाड्यांची सगळी वीज वरच्या दराने पडेल. म्हणून दुसरी गाडी घेण्यापूर्वी मागील बारा महिन्यांची बिले समोर ठेवावीत आणि वरच्या टप्प्याचा दर धरूनच हिशेब करावा. स्वतःची गाडी स्वतःच्या घरच्या जोडावर भरल्यास घरगुतीच दर लागतो, याबद्दल शंका नसावी.

६. शेतीपंपाच्या जोडावर गाडी लावू नका

हा भाग सर्वांनी नीट वाचावा. "विहिरीवर मोटारीचं कनेक्शन आहेच की, तिथंच लावू. त्याचं बिल तरी कुठं येतंय?" असे बोलणे पारावर ऐकू येते. राज्य सरकारने २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना लागू केली, ती पिकाला पाणी देण्यासाठी. गाडीची बॅटरी भरणे हा त्या जोडाचा मंजूर उपयोग होत नाही.

वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे, ज्या कामासाठी जोड दिला त्याहून वेगळ्या कामासाठी वीज वापरणे हा अनधिकृत वापर ठरतो. तपासणीत तो आढळल्यास त्या वापराला लागू असणाऱ्या दराच्या दुप्पट दराने आकारणी होते. वापर किती दिवस चालला हे ठरविता आले नाही, तर तपासणीपूर्वीच्या बारा महिन्यांची आकारणी होते. आता तोलून पाहा. आपल्या नमुन्याच्या घरात वडिलांच्या स्कूटरला महिन्याला सुमारे २१ युनिट लागतात. तेवढ्या विजेच्या पैशासाठी पंपाचा जोड आणि उभा ऊस अडचणीत घालायचा का? उन्हाळ्यात महिनाभर पाणी तुटले तर उताऱ्याचे काय होते, हे सभासदांना सांगण्याची गरज नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी ते धोक्याचे आहे. पंपाच्या पेटीत ओल असते, अर्थिंगचा भरवसा नसतो, आणि व्होल्टेज सारखे वर-खाली होते. तारेवर आकडा टाकून चार्जिंग करणे तर उघड चोरीच आहे, आणि जिवाशी खेळही.

७. तार, प्लग आणि आग

गिझर दहा-पंधरा मिनिटे चालतो, इस्त्री अर्धा तास. मोटारीचा चार्जर मात्र चार-पाच तास सलग पूर्ण भाराने चालतो. मोटार कधी पूर्ण रिकामी झाली तर २४ युनिटांची बॅटरी भरायला तूट धरून सुमारे ९ तास लागतात. एवढा वेळ ढिला प्लग तापतच राहतो आणि शेवटी वितळतो. म्हणून :

(अ) प्रत्येक चार्जिंग प्लगला मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची तार व स्वतंत्र एमसीबी असावा. १६ अँपिअरच्या प्लगसाठी ४ चौरस मिलिमीटरची तार योग्य. जुन्या पंख्या-दिव्यांच्या तारेवर पॉवर प्लग बसवू नये.

(आ) एक्स्टेन्शन बोर्ड किंवा वायरची गुंडाळी वापरू नये. गुंडाळलेली तार आतल्या आत तापते.

(इ) अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवावा. तार गळाली तर तो क्षणात वीज तोडतो.

(ई) एका गाडीचा चार्जर दुसऱ्या गाडीला लावू नये. दोन गाड्यांच्या घरात ही चूक हटकून होते. पिन बसली म्हणून चार्जर चालतो असे नाही. बॅटरीचे व्होल्टेज वेगळे असते. प्रत्येक चार्जरवर रंगाने गाडीची खूण करावी.

(उ) २०२२ च्या उन्हाळ्याच्या सुमारास देशात काही ठिकाणी विजेवरील स्कूटरना आगी लागल्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे एआयएस १५६ हे मानक कडक करण्यात आले. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. जुनी स्कूटर घेताना ती कधीची आहे हे अवश्य पाहावे. स्वस्त मिळते म्हणून खुली बॅटरी जोडून घेऊ नये.

(ऊ) कडब्याची गंज, पाचटाचा ढीग, डिझेलचे बॅरल, जनावरांचा गोठा यांच्याजवळ चार्जिंग करू नये. झोपण्याच्या खोलीत किंवा घराच्या एकुलत्या दाराच्या वाटेत तर कधीच नाही. आग लागली तर माणसे बाहेर पडायला वाट राहिली पाहिजे. स्कूटर शक्यतो घरातील माणसे जागी असतानाच लावाव्यात. उन्हातून आलेली गाडी अर्धा तास थंड होऊ द्यावी.

(ए) दसऱ्याला गाड्या धुताना चार्जिंगच्या खोबणीवर पंपाचा फवारा मारू नये.

८. दुसरी गाडी कोणती घ्यावी

विजेच्या गाडीत बचत होते ती चालण्यात. उभ्या गाडीत बचत नाही. हिशेबापुरते पेट्रोल १०० रुपये लिटर आणि वीज १० रुपये युनिट धरू. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर गेली तर १०० किलोमीटरला सुमारे २२२ रुपये पडतात. विजेवर साडेतीन युनिटांचे ३५ रुपये. फरक १८७ रुपये.

कॉलेजची स्कूटर महिन्याला १,२०० किलोमीटर चालते. वाचले २,२४४ रुपये. तीच स्कूटर रोज ५ किलोमीटर, म्हणजे महिन्याला १५० किलोमीटरच चालली, तर वाचतात फक्त २८० रुपये. कर्जाचे व्याज आणि विम्याचा हप्ता यांनाही ते पुरणार नाहीत. पेट्रोलची लहान मोटार लिटरला १६ किलोमीटर धरल्यास १०० किलोमीटरला ६२५ रुपये, आणि विजेवर १५० रुपये. महिना ९०० किलोमीटरला ४,२७५ रुपयांचा फरक पडतो. पण मोटार वर्षातून चार लग्नांना आणि देवदर्शनालाच निघत असेल तर तो फरक कागदावरच राहतो.

यावरून नियम असा निघतो. घरातील जी गाडी रोज सर्वांत जास्त चालते ती आधी विजेची करावी. जी कमी चालते ती जुनी पेट्रोलची तशीच राहू द्यावी. शेजाऱ्याने घेतली म्हणून दुसरी घेऊ नये.

येथे परवान्याचाही विचार करावा. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या गाडीलाच नोंदणी व परवाना लागत नाही. बाकी सर्व गाड्यांना नोंदणी, हिरवी पाटी, विमा आणि चालविणाऱ्याचा परवाना लागतो. "बॅटरीची आहे, चालतंय" असे म्हणून शाळकरी पोराच्या हाती किल्ली देऊ नये.

९. सभासदांच्या दोन शंका

"छतावर सौर संच बसविला तर?" बसवावा, हिशेब चांगला जमतो. १ किलोवॉटचा संच दिवसाला साधारण ४ युनिट देतो, पावसाळ्यात कमी. ३ किलोवॉटच्या संचापासून महिन्याला सुमारे ३६० युनिट मिळाली तर नमुन्याच्या घराची आणि तिन्ही गाड्यांची गरज त्यात भागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचास ७८ हजार रुपये अनुदान ठरले. पण एक गोष्ट विसरू नये. रात्री गाडी लावली की वीज लाइनवरूनच येते. सौर संचामुळे बिल कमी होते, रात्रीचा भार कमी होत नाही. पाळी लावावीच लागते.

"आपला ऊस इथेनॉलला जातो. आपणच विजेची गाडी घेतली तर आपल्याच मालाचे गिऱ्हाईक कमी होईल ना?" शंका रास्त आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते, तेव्हा पेट्रोल कमी जाळले की तेवढे इथेनॉलही कमी लागते. पण अनेक साखर कारखाने बगॅसवर वीज तयार करून ग्रीडला देतात, हेही खरे. ऊस दोन्हीकडे आहे. एका घराने आपला खर्च पाहून निर्णय घ्यावा, त्यात कारखान्याशी बेइमानी होत नाही.

१०. घरी सोडविण्याचे प्रश्न

१) आपल्या बिलावरील मंजूर भार किती? मागील बारा महिन्यांतील सर्वांत जास्त युनिट कोणत्या महिन्यात पडली?
२) घरातील प्रत्येक गाडी आठवडाभर रोज किती किलोमीटर चालते ते कॅलेंडरवर लिहा आणि सरासरी काढा.
३) त्या सरासरीवरून रोजची युनिटे व चार्जिंगचे तास काढा. स्कूटरला साडेतीन, मोटारीला पंधरा, हे प्रमाण १०० किलोमीटरला धरा.
४) वारवार पाळीपत्रक तयार करा. एका वेळचा जास्तीत जास्त भार मंजूर भारात बसतो का ते पाहा.
५) अर्थिंग शेवटचे कधी तपासले?

या पाच प्रश्नांची उत्तरे घरातील सर्वांनी एकत्र बसून काढावीत. उत्तरे जमली तर दुसरी गाडी खुशाल आणा. जमली नाहीत तर आधी तार, अर्थिंग आणि मंजूर भार यांचे काम करा, गाडी पुढच्या हप्त्यात येईल. लागणीच्या आधी रान तयार करतो, तसेच हे आहे.